पोरं बाहेर जातात, इमाम बाहेरून येतात : मराठवाडा आणि दीनी उच्च शिक्षण

उदगीरी

सरळ मुद्द्यावर येतो. आमच्याकडे मदरसे कमी आहेत असं कोणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. तालुक्याच्या गावी हिफ्जचा मदरसा असतोच, बऱ्या वस्तीच्या खेड्यात सकाळचा मकतब (लहान मुलांचा दीनी वर्ग) असतो. पोरगं हाफिज होतं, दस्तारबंदी (पगडी बांधायचा समारंभ) होते, हार घालून मोहल्ल्यात मिरवतात, पेढे वाटतात. प्रश्न त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. पुढे कुठे पाठवायचं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हिफ्ज म्हणजे कुरआन पाठ करणं. ते उच्च शिक्षण नव्हे. त्यानंतर आलिमियत, त्यात अरबी व्याकरण, फिकह (धर्मशास्त्राचे नियम), तर्कशास्त्र, तफसीर (कुरआनचं विवरण). शेवटी दौरा-ए-हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा अभ्यास, आणि ज्याला मुफ्ती व्हायचंय त्याला त्यापुढे इफ्ता (फतवा द्यायचं शिक्षण). सगळं धरून सात-आठ वर्षांचा मामला. आपल्याकडच्या बऱ्याच मदरशांत अरबीची पहिली दोन-तीन वर्षं कशीबशी होतात आणि मग मौलानाच सांगतात, "अब इसको बाहर भेजो." संभाजीनगरला जामा मशिदीतलं काशिफुल उलूम आहे, ते मोठं नाव आहे, मान्य. पण लातूर, धाराशिव, हिंगोलीच्या पोराला तेही लांबच, आणि तिथल्या जागा त्या किती असणार?

म्हणून पोरं उत्तर प्रदेशात देवबंद, सहारनपूर, लखनौ, गुजरातेत डाभेल, नाहीतर नंदुरबारच्या अक्कलकुव्याला जातात. बारावीला अख्ख्या महाराष्ट्राची पोरं लातूरला येतात, 'लातूर पॅटर्न' म्हणून आपण मिरवतो. त्याच लातूरच्या पोराला हदीस शिकायला उत्तर प्रदेश गाठावा लागतो.

आणि उलटी गंमत बघा. शिकलेली आमची पोरं तिकडेच राहतात, नाहीतर मुंबई-पुण्याला एखादी मशीद धरतात. आमच्या खेड्यात इमाम येतात ते बिहारच्या अररिया, पूर्णियाचे, नाहीतर सहारनपूरचे. माणसं चांगली असतात, तक्रार नाही. पण मागे गणपती आणि ईद-ए-मिलाद जवळजवळ आले तेव्हा ठाण्यात शांतता समितीची बैठक होती. पीआय साहेब मराठीत बोलतायत, गणेश मंडळाची पोरं मराठीत बोलतायत, आणि आमचे इमामसाब माझ्याकडे बघतायत. मी कानात उर्दू करून सांगतोय. मिरवणुकीचा मार्ग, भोंग्याची वेळ, सगळं माझ्या तोंडून. जुलूसची वेळ बदलायची तर गावाला इमाम हवा, दुभाषा नको.

तर प्रश्न असा, की हे असं का झालं? आणि बदलायचं तर कुठून? अनुभव असलेल्यांनी लिहावं. 'मदरसे बंद करा' आणि 'मदरसे म्हणजे इस्लामचे किल्ले' या दोन्ही प्रकारच्या प्रतिसादांसाठी दुसरे धागे आहेत.

रिकामटेकडा नांदेडी

धागा आवडला. मी स्वतः हाफिजही नाही, पण धाकट्या मामेभावाला सोडायला गेलो होतो म्हणून प्रवासाचं लिहितो.

मदरशांचं वर्ष शव्वालमध्ये सुरू होतं, शाबानमध्ये संपतं. म्हणजे रमजान ईद झाली की दाखले. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, त्यामुळे कधी हे सगळं ऐन उन्हाळी सुट्ट्यांच्या गर्दीत येतं, कधी शाळेच्या परीक्षांत. रिझर्व्हेशन आधी काढावं तर ईद कोणत्या दिवशी ते चंद्रावर. मग जनरल डबा.

नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस सकाळी सुटते. पूर्णा, परभणी, सेलू, जालना असं करत पोरं चढत जातात, लोखंडी पेटी आणि गादीची वळकटी घेऊन. गाडी मूळची हुजूर साहिबच्या यात्रेकरूंची. औरंगाबाद स्टेशनला सरदारजी लंगर घेऊन फलाटावर उभे असतात, डब्याडब्यात भाजी-पोळी वाटतात. आमच्या डब्यात टोपीवाली पोरं ताटल्या धरून उभी होती आणि सरदारजी "और ले बेटा, शरमा मत" म्हणत वाढत होते. शाकाहारी, त्यामुळे कोणाला विचारायचीही गरज नाही.

सचखंड अंबाल्याकडून अमृतसरला जाते, देवबंदला जात नाही. दुसऱ्या दिवशी दिल्लीला उतरायचं, तिथून मेरठ-मुझफ्फरनगरकडची गाडी धरायची. आणि एवढं करून प्रवेश नक्की नाही! परीक्षा असते. देशभरातून पोरं आलेली. नापास झालेलं पोरगं लगेच घरी येत नाही, लाज वाटते. त्याच भागात दुसऱ्या एखाद्या लहान मदरशात नाव घालतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसतं. आमचा मामेभाऊ तसाच राहिला. मामी अजून म्हणते, "इत्ते दूर कायकू भेजे."

गोदाकाठचा माणूस

प्रामाणिक शंका आहे, रागावू नका. धार्मिक उच्च शिक्षण मिळत नाही ही समस्या आहे की संधी? त्या पोरांनी आयटीआय केलं, डी.फार्म. केलं, तर घर वर येईल. मराठवाड्यात मुस्लिम समाजाची अवस्था काय आहे ते मेहमूद-उर-रहमान समितीने सांगून झालंय. त्यात अजून मुफ्ती कशाला?

उदगीरी

@गोदाकाठचा माणूस, रागावायचं काय त्यात. सच्चर समितीने 2006 मध्येच सांगितलंय की शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी जेमतेम तीन-चार टक्के. बाकीची झेडपीत आणि उर्दू शाळेतच आहेत. त्यांच्या आयटीआयला माझा विरोध असण्याचं कारण नाही.

पण जे पोरगं जातं, त्याने चार वर्षं घालवून अर्धवट यावं का? निकाह, तलाक, वारसाहक्क, वक्फ, यावर गावात रोज प्रश्न येतात आणि लोक विचारायला मशिदीतच जातात. तिथे बसलेला माणूस पुरता शिकलेला असावा की अर्धा? बहिणीला वाटा द्यायचा की नाही हे अर्ध्या शिकलेल्याला विचारलं तर तो भावाच्या सोयीचं सांगतो. हे मी बघितलेलं आहे.

कंधारचा मास्तर

निवृत्त शिक्षक आहे, वेळ आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबेल.

उदगीरी यांनी 'हे असं का झालं' विचारलंय. याचं उत्तर असं, की हे नेहमी असं नव्हतं. हैदराबादची जामिया निजामिया ही दक्षिणेतली जुनी आणि मोठी संस्था, 1876 ची. ती स्थापन करणारे मौलाना अन्वारुल्ला फारुकी कुठले? आमच्या कंधारचे. काझी घराण्यातले. पुढे सहावे आणि सातवे निजाम या दोघांचेही ते उस्ताद झाले. म्हणजे ज्या तालुक्यातून आज पोरं हदीस शिकायला गंगा-यमुनेच्या पलीकडे जातात, त्याच तालुक्यातल्या माणसाने अख्ख्या दख्खनला विद्यापीठ दिलं. आमच्या गावात हाजी सय्याह सरवरांच्या दर्ग्याला येणाऱ्या दहा जणांना विचारा, नऊ जणांना हे माहीत नसतं.

आणखी मागे जा. उदगीरी, तुमच्या गावाहून एसटीने दोनेक तासांवर बीदर. तिथे महमूद गवानने 1472 मध्ये मदरसा बांधला, इराणी धाटणीचा, तीन मजली, रंगीत फरश्यांचा. इराण-इराकचे विद्वान तिथे शिकवायला येत. औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटात निम्मा उडाला, राहिलेला बघायला लोक जातात. औरंगाबादची पाणचक्की घ्या. बाबा शाह मुसाफिरांचा तकिया, तिथल्या फकिरांना आणि शिकणाऱ्यांना पीठ मिळावं म्हणून ती चक्की. आज तिथे वक्फ मंडळाचं मुख्यालय आहे. आझाद बिलग्रामी उत्तरेतून औरंगाबादला आले, इथे बसून अरबीत ग्रंथ लिहिले, खुलताबादला दफन आहेत. त्या काळात माणसं शिकायला आणि शिकवायला तिकडून इकडे येत होती.

मौलाना मौदूदी औरंगाबादलाच जन्मले, 1903 मध्ये, तिथल्याच मदरसा फौकानियात, म्हणजे हायस्कुलात, शिकले. (नाव काढलं म्हणून धागा भरकटवू नका, फक्त शाळेचा दाखला म्हणून सांगतोय.) उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं तेव्हा कला शाखेबरोबर दीनियातची शाखा होती, आणि शिक्षण उर्दूत. औरंगाबादला उस्मानियाचं इंटरमिजिएट कॉलेज होतं. म्हणजे गावचा मकतब, जिल्ह्याची फौकानिया, मग हैदराबाद, अशी पायरीपायरीने जाणारी वाट होती, आणि सगळी एकाच राज्यात.

ती वाट तीन वेळा तुटली. 1948 ला पहिल्यांदा. रझाकारांनी आधी खेड्यापाड्यांत जे केलं ते केलं, आणि पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, नांदेडकडच्या मुसलमान वस्त्यांवर जे झालं ते सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. शिकलेली, चार पुस्तकं बाळगणारी घरं उठून हैदराबादला गेली, काही कराचीला. 1949 ला जहागिऱ्या गेल्या. त्या गेल्या ते बरंच झालं, आमचं घर कुळाचं होतं, मला त्याचं दुःख नाही. पण मदरशांचे वजीफे (अनुदानं) त्याच पैशांतून आणि निजामाच्या उमूर-ए-मजहबी, म्हणजे धार्मिक बाबींच्या, खात्यातून चालत, तेही थांबले. तिसरी वेळ 1956. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद आपल्याला परराज्य झालं. मराठी म्हणून मला त्याचा आनंदच आहे. पण उर्दू-अरबीच्या शिक्षणाची राजधानी एका रात्रीत हद्दीपलीकडे गेली, आणि मुंबईने तिच्या जागी काही दिलं नाही.

दखनी पोट्टा

मास्तर, वाकून सलाम. कंधारचं खरंच माहीत नव्हतं.

पण एक शंका. हैदराबाद परराज्य झालं तरी अजिंठा एक्स्प्रेसने रात्री बसलं की सकाळी हैदराबाद. देवबंदपेक्षा कितीतरी जवळ. मग पोरं तिकडे का जात नाहीत?

कारण मसलक, म्हणजे पंथ. आपल्याकडे खेड्यापाड्यांत तब्लीगचं काम वाढलं तसे मदरसेही देवबंदी वळणाचे झाले. उस्ताद देवबंदचा, तर शागीर्द देवबंदला. निजामियाचं वळण वेगळं, खानकाही (सूफी), तिथे फातिहा-दरूद चालतं. बरेलवी घरातलं पोरगं असेल तर ते मुबारकपूर नाहीतर बरेलीला जाणार. अहले हदीस असेल तर मालेगावचं मन्सूरा, पुढे बनारसची सलफिया. दारातून हैदराबादची गाडी जाते आणि पोरगं तिच्याकडे पाठ करून मनमाडची गाडी धरतं. अंतर किलोमीटरवर नाही, मसलकवर ठरतं. एका जिल्ह्यात तीन मसलकांचे सहा अर्धे मदरसे, पूर्ण एकही नाही, हे दुखणं आपलं आपणच वाढवलेलं आहे. सरकारला कशाला नावं ठेवायची?

रिकामटेकडा नांदेडी

+1. शेवटचं वाक्य सोडून.

पैठणकर

अवांतर वाटेल, पण आहे विषयाशी धरूनच. मी वारकरी घरातला. आमच्याकडे कीर्तन शिकायचं पोरगं आळंदीला जातं. जोग महाराजांची वारकरी शिक्षण संस्था, 1917 ची. बीड-परभणीची किती पोरं तिथे माधुकरी मागून शिकली त्याची गणती नाही. ज्ञानेश्वर आपेगावचे, एकनाथ पैठणचे, नामदेव नर्सीचे, जनाबाई गंगाखेडच्या. सगळे मराठवाड्याचे, आणि त्यांचं शिकायला जायचं पुणे जिल्ह्यात!

पैठणला संतपीठ होणार, संतपीठ होणार, हे लहानपणापासून ऐकतोय. इमारत उभी राहिली आणि कित्येक वर्षं तिच्यात चिटपाखरू नव्हतं. 2021 मध्ये कुठे विद्यापीठाकडे देऊन अभ्यासक्रम सुरू झाले. तेव्हा उदगीरी भाऊ, हे दुखणं तुमचं एकट्याचं नाही. मराठवाड्याने संत द्यायचे, फकीर द्यायचे, आणि संस्था दुसऱ्यांकडे व्हायच्या.

उदगीरी

पैठणकर, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण एक फरक आहे. आळंदीहून परत आलेला महाराज गावात मराठीतच कीर्तन करतो. आमचं पोरगं सात वर्षांनी येतं तेव्हा त्याची उर्दू लखनवी झालेली असते आणि मराठी सातवीच्या पुस्तकावर थांबलेली.

बीडची आलिमा

पुरुष मंडळींचं गाड्या, मसलक, निजाम सगळं झालं असेल तर मुलींचं बोलू का?

देवबंदमध्ये मुलींना प्रवेश नाही. त्यामुळे तुम्ही ज्याला 'लांबची वाट' म्हणताय ती आम्हाला नाहीच. मुलींसाठी वेगळे मदरसे, बनातचे. मालेगावचं जामियतुस्सालेहात हे त्यातलं जुनं नाव. हैदराबादच्या मुघलपुऱ्यात जामियतुल मोमिनात आहे, तिथून 2003 च्या सुमारास मुली मुफ्तीचा अभ्यास करून बाहेर पडल्या तेव्हा पेपरात बातम्या आल्या होत्या. मराठवाड्यात बनातचे मदरसे निघालेत, दरवर्षी एखादा नवा फलक दिसतो. पण बहुतेक ठिकाणी कोर्स छोटा केलेला. मुलांना सात-आठ वर्षं, मुलींना चार-पाच. वगळतात काय? उसूल-ए-फिकह, तर्कशास्त्र, हदीसच्या मोठ्या किताबांचा बराच भाग. का, तर "लडकियों को इत्ता काफी है."

मी मालेगाव भागात शिकले. बीडला तेव्हा रेल्वे नव्हती (आत्ता आली), एसटीने औरंगाबाद, मग दुसरी एसटी. अब्बा शिक्षक होते आणि हट्टी होते म्हणून झालं. माझ्या वर्गातल्या हुशार मुली पहिल्या वर्षानंतर परत आल्याच नाहीत. कारण शिक्षण नव्हतं, अंतर होतं. सुट्टीला आणायला-सोडायला घरचा पुरुष लागतो, त्याची दोन दिवसांची मजुरी बुडते, दोघांचं भाडं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात दिवाळीनंतर गावात पुरुष असतोच कुठे?

आज माझ्याकडे बायका येतात. हैज-निफासचे (पाळी-बाळंतपणाचे), खुलाचे (बायकोने मागितलेल्या तलाकचे), मेहरचे प्रश्न घेऊन. जे मौलानांना विचारता येत नाही ते. मी सांगते तेवढं सांगते, अडलं की फोन करून मोठ्या मुफ्तींना विचारते. इफ्ता शिकायची माझी इच्छा होती. हैदराबादला जायला लागलं असतं. तोवर लग्न झालं.

गोदाकाठचा माणूस

आपा, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या आधीच्या प्रश्नात 'पोरांनी' असंच लिहिलं होतं हे लक्षात आलं. एक विचारतो. तुमच्या सनदीवर बी.ए.ला वगैरे प्रवेश मिळतो का?

वकीलसाहेब

त्याचं उत्तर मी देतो, कारण यात बहुतेकांचा गोंधळ असतो.

उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल इथे सरकारी मदरसा बोर्ड आहे. उत्तर प्रदेशात मुन्शी-मौलवी म्हणजे दहावीच्या बरोबरीचं, आलिम म्हणजे बारावीच्या. महाराष्ट्रात असं बोर्डच नाही. त्यामुळे इथे शिकलेल्या मुलाची सनद राज्य सरकारच्या लेखी कागद आहे. उत्तर प्रदेशचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 5 नोव्हेंबर 2024 ला वैध ठरवला, पण कामिल आणि फाजिल या वरच्या पदव्यांपुरता रद्द केला, कारण पदवी देणं हा यूजीसी कायद्याचा विषय. म्हणजे बोर्ड असलेल्या राज्यातही बारावीपर्यंतच सरकारी मान्यता. देवबंद आणि लखनौचं नदवा त्या बोर्डात नाहीतच, त्यांनी सरकारी मदत मुद्दाम घेतलेली नाही.

मग मदरशातून विद्यापीठात जायची वाट काय? अलिगढ, जामिया मिलिया, हैदराबादची मौलाना आझाद उर्दू युनिव्हर्सिटी (मानू) ही विद्यापीठं ठरावीक मदरशांच्या सनदी मानतात. त्यांची यादी असते. मदरसा मोठा आणि जुना असेल तर यादीत असतो. तालुक्याच्या गावचा लहान मदरसा त्यात कुठून सापडणार? अलिगढ आणि मानूत मदरशातून येणाऱ्यांसाठी ब्रिज कोर्स आहे, इंग्रजी-गणित भरून काढायला. नेट परीक्षेला 'अरब कल्चर अँड इस्लामिक स्टडीज' असा स्वतंत्र विषय आहे, म्हणजे प्राध्यापक होता येतं. पण मानूचं संभाजीनगरला आहे ते बी.एड.चं कॉलेज. इस्लामिक स्टडीजचा विभाग हैदराबादलाच. अलिगढची बाहेरची केंद्रं काढायचं ठरलं तेव्हा यादीत पुणं होतं, मराठवाडा तेव्हाही नव्हता. शेवटी मलप्पुरम, मुर्शिदाबाद, किशनगंज झाली, पुण्याचंही बारगळलं.

राज्याची डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आहे. ती विज्ञान, गणित, मराठी, इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांच्या मानधनाची. 2024 ला डी.एड. शिक्षकाचं मानधन 6,000 वरून 16,000 आणि बी.एड.चं 8,000 वरून 18,000 केलं. चांगली गोष्ट आहे. पण त्यातून हदीसचा उस्ताद मिळत नाही, आणि मिळूही नये. ते समाजाने करायचं काम आहे. नोंदणीचे कागद धड नसल्याने आपल्याकडचे कित्येक मदरसे या योजनेतही बसत नाहीत, ते वेगळंच.

जालना रोड

समाजाने करायचं काम म्हणालात, तर पैशाचं बोलू. व्यापारी माणूस आहे.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत माझ्या दुकानात येणाऱ्या सफीरांची, म्हणजे मदरशांसाठी वर्गणी मागणाऱ्यांची, रांग बघा. हातात पावतीबुक, छापील अपील, मदरशाच्या इमारतीचा फोटो, कुठल्यातरी मोठ्या मौलानांचा तस्दीकनामा (खात्रीपत्र). उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड. बरेचदा सफीर वसुलीच्या टक्क्यावर काम करतो, हेही उघड गुपित आहे. आम्ही देतो, कारण जकात (धर्माने सांगितलेलं दान) द्यायचीच आहे आणि समोर माणूस उभा आहे. स्थानिक मदरशाचा माणूस ओळखीचा असतो, त्याला आपण "ईद के बाद आओ" म्हणतो! मराठवाड्याची जकात दरवर्षी अशी गाडीत बसून निघून जाते.

दुसरं, कुर्बानीची कातडी. पूर्वी लहान मदरशाचा अर्ध्या वर्षाचा खर्च बकरीदच्या कातड्यांवर निघायचा. 2015 च्या कायद्याने बैलाची कुर्बानी गेली, मोठं कातडं गेलं. बकऱ्याच्या कातड्याला आता कोणी विचारत नाही. मीठ लावायचा खर्चही निघत नाही म्हणून पुरून टाकतात. हिफ्जला एक उस्ताद, एक खोली पुरते. दौरा-ए-हदीसला सात-आठ चांगले उस्ताद, किताबांचा संग्रह, दोनशे पोरांचं जेवण लागतं. ते कातड्यावर कसं चालेल?

अक्कलकुव्याचं उदाहरण द्यायलाच हवं. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी (2025 मध्ये वारले) मूळ गुजरातचे. सातपुड्याच्या आदिवासी तालुक्यात एवढ्याशा मदरशापासून सुरू केलं आणि हिफ्ज, आलिमियत याबरोबर फार्मसी, युनानी, पॉलिटेक्निक असं सगळं एका आवारात आणलं. त्यांच्याच संस्थेचं मेडिकल कॉलेज आपल्या बदनापूरला आहे, जालन्याला येता-जाता दिसतं. म्हणजे मागास भागात होत नाही असं नाही. अक्कलकुव्यापेक्षा आपलं परभणी काय वाईट आहे? जंक्शन आहे, तीन बाजूंनी गाड्या येतात.

दखनी पोट्टा

परभणीला काढलं की नांदेडवाले म्हणणार आमच्याकडे का नाही. आणि कोणत्या मसलकचं काढणार?

जालना रोड

केरळात जा आणि बघा. मलप्पुरमच्या चेम्माडला दारुल हुदा आहे, 1986 चं. तिथे पोरगं दीनी तालीमबरोबर विद्यापीठाची पदवी करूनच बाहेर पडतं. बाकी मुलं सकाळी मदरसा आणि मग शाळा. आखाती पैसा आहे म्हणा, पण गटबाजी तिथेही कमी नाही. ज्या गटाचं, त्या गटाने पूर्ण काढलं, एवढाच फरक.

टवाळ

एवढी चर्चा कशाला? ज्यांना अरबी शिकायचंय त्यांनी अरबस्तानात जावं.

संपादक मंडळ

वरील सदस्याचे यापुढचे तीन प्रतिसाद आणि त्यांना दिलेली उत्तरं अप्रकाशित केली आहेत. विषयाला धरून लिहावे.

रिकामटेकडा नांदेडी

एक राहिलं. प्रवास लांबला की त्यात नुसते कष्ट नाहीत, धोकाही आहे. 2023 च्या मे महिन्यात दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारची 59 मुलं भुसावळ आणि मनमाडला उतरवली होती, आठवतंय? पुणे-सांगलीच्या मदरशांत निघालेली. सोबतच्या उस्तादांवर मानवी तस्करीचा गुन्हा. मुलं बारा दिवस निरीक्षणगृहात. पुढच्या वर्षी पोलिसांनीच गैरसमज झाला म्हणून तपास बंद केला. तेव्हापासून आमच्याकडे पोरांबरोबर बापाचं संमतीपत्र, आधारची झेरॉक्स, मदरशाचं पत्र असा गठ्ठा देतात. आणि त्यातली गंमत, बिहारची पोरं शिकायला महाराष्ट्रात येतायत, आपली उत्तरेत जातायत, दोघांची गाडी वाटेत क्रॉस होते!

कंधारचा मास्तर

जालना रोड यांचं परभणीचं मला पटतं, पण इमारतीपासून सुरुवात नको. आपल्याकडे इमारत आधी होते, उस्ताद नंतर शोधतात. उलट करा. उत्तरेत शिकून तिकडेच रमलेले आपले दोन-चार चांगले उस्ताद आहेत, त्यांना संभाजीनगरला मिळेल तेवढा पगार देऊन परत आणा. लोक उस्तादाच्या नावाने येतात. निजामियाही सुरुवातीला एका माणसाच्या नावावरच चालली. आणि दरसात (रोजच्या शिकवणीत) एक तास मराठी ठेवा. मी फुकट शिकवायला येईन.

उदगीरी

मास्तर, लिहून घेतलंय. पगाराची गोष्ट अवघड आहे, कारण इमाम आणि उस्ताद या दोघांना कमी पगारात ठेवणं हे आपल्या कमिट्यांना सवाब (पुण्य) वाटतं. मशिदीला एसी लावतात, इमामाला वाढ द्यायची म्हटलं की बैठक पुढे ढकलतात. मी स्वतः कमिटीत आहे, बघतोच ना.

दखनी पोट्टा, मसलकचं तुमचं बरोबर आहे, पण सगळं नाही. अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, वारसाहक्काचं गणित याला मसलक नसतं. निदान तेवढे विषय तरी एका ठिकाणी शिकवता येतील की नाही?

दखनी पोट्टा

येतील. पण एखाद्या मसलकचे लोक आपली पोरं मधेच उठवून नेणार नाहीत अशी हमी कोण देणार, तेवढं सांगा.

हिंगोलीकर

नवीन सदस्य आहे. मुलगी यंदा दहावी झाली, मराठी माध्यम, 78 टक्के. तिला आलिमा व्हायचं आहे आणि बी.ए.ही करायचं आहे. घरात मतभेद आहेत. दोन्ही होईल असं काही आहे का? मार्गदर्शन करावे.

बीडची आलिमा

होईल, पण आधी मदरशाला चार गोष्टी विचारा. बारावी बाहेरून (एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून) करू देतात का, आणि परीक्षेच्या काळात सुट्टी देतात का? नुसतं "हां हां" म्हणतील, मागच्या वर्षी किती मुली बसल्या ते विचारा. कोर्स किती वर्षांचा आणि हदीसच्या कोणत्या किताबा पूर्ण शिकवतात? त्यांची सनद मानूच्या चालू यादीत आहे का? यादी स्वतः विद्यापीठाच्या साइटवर बघा, मदरशाच्या माहितीपत्रकावर जाऊ नका. मराठी माध्यमातली आहे म्हणून पहिलं वर्ष उर्दूत जाईल, त्याने घाबरू नका, मीही तशीच होते.

शाळेची टीसी मूळ प्रत मदरशात जमा करू नका, झेरॉक्स द्या. आणि नाव सगळीकडे एकच ठेवा. माझ्या टीसीवर नावापुढे 'बेगम', आधारवर 'बी' आणि सनदीवर दोन्ही नाही. तेवढ्यासाठी मला प्रतिज्ञापत्र आणि गॅझेट करावं लागलं, एक प्रवेश हुकला. मुलीचं नाव आत्ताच तपासा. दाखले शव्वालमध्ये होतात, तोवर अकरावीला नाव घालून ठेवा, वर्ष जाणार नाही. तिच्या आईला माझ्याशी बोलायचं असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) मी मोकळी असते.